शर्टावरून सुरू झालेल्या गप्पा बोरीच्या पुलापाशी का तुटल्या?

२२ ऑक्टोबर २०२५ ला, दिवाळीच्या पाडव्याच्या संध्याकाळी, मडगावच्या फातोर्ड्याच्या स्टेडियमवर एफसी गोवा आणि सौदी अरेबियाचा अल नस्र यांचा फुटबॉल सामना झाला. स्पर्धा एएफसी चॅम्पियन्स लीग टू. डिचोलीहून आमचा फुटबॉलवेड्यांचा गट टेम्पो ट्रॅव्हलर करून गेला होता. निघताना एकमेकांच्या अंगावरच्या शर्टांची यथेच्छ टर उडवली जात होती. परतताना गाडीत एक जागा रिकामी होती आणि उरलेले फारसं बोलत नव्हते. मधल्या वेळात गप्पा खाणबंदीवर गेल्या, तिथून पोर्तुगालवर गेल्या आणि मग तुटल्या. त्या कशा वळत गेल्या आणि नेमक्या कुठे तुटल्या, त्याची ही नोंद.

अशी नोंद करावीशी वाटली त्याला कारण आहे. गोव्यात असे गट वाड्यावाड्यावर आहेत. असा प्रसंग एकदा घडला की बहुतेक ठिकाणी एकच फर्मान निघतं : यापुढे गाडीत राजकारण नको. मला हे आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी वाटतं. त्या संध्याकाळी राजकारण तासभर चाललं होतं, कडाक्याने चाललं होतं आणि कोणी दुखावलं नव्हतं. दुखावलं गेलं ते वेगळ्याच गोष्टीने. मी हायस्कुलात सामाजिक शास्त्रं शिकवते. मुक्ती, जनमत कौल, राजभाषा हे सगळं फळ्यावर दरवर्षी लिहिते. पण हाच इतिहास चालत्या गाडीत माणसांच्या तोंडून येतो तेव्हा तो काय करतो, हे मला त्या दिवशी जवळून पाहायला मिळालं.

कोणाच्या अंगात काय

गटातल्या बहुतेकांच्या घरी मराठी. बाजारात कोंकणी, स्टेडियमच्या रांगेत जे जमेल ते. नावं घालत नाही. गाडीत ज्याला ज्या नावाने हाक मारतात तीच वापरते.

काका साठीचे, पूर्वी खनिज वाहतुकीत ट्रक असलेले. त्यांच्या अंगात साळगावकर क्लबाचा हिरवा शर्ट होता. धुऊन धुऊन तो पोपटी झालाय, कॉलर एकदा उसवून पुन्हा हाताने शिवलेली, छातीवरच्या छपाईची निम्मी अक्षरं गळलेली. २०१०-११ ला साळगावकरने आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली सर्वोच्च फुटबॉल लीग, जिंकली तेव्हापासूनचा तो शर्ट. पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या भाऊंच्या अंगात एफसी गोवाचा नारिंगी शर्ट, त्यावर गव्याचं चिन्ह. धाकटा पंचविशीचा, वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात पाळीवर जातो. त्याने पोर्तुगालचा लाल शर्ट घातला होता, पाठीवर रोनाल्डो आणि ७. गाडी चालवणारा दादा सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्ल्याचा, साध्या चौकड्याच्या शर्टात. मास्तर, म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक, पाडव्याला लेकीकडे गेलेले असल्याने फोंड्याला चढणार होते.

पहिला चिमटा अर्थातच धाकट्याला बसला. अल नस्रचा रोनाल्डो संघाबरोबर भारतात आलाच नाही, ही बातमी एव्हाना सगळ्यांना ठाऊक होती.

"अरे, तो येत नाही हे कळल्यावर तरी शर्ट बदलायचास."

"काका, तिकीट काढलं त्याच दिवशी शर्ट घेतला. एक वसूल होत नाही, निदान दुसरा तरी होऊ दे."

मग भाऊंची पाळी. "हा काय, प्रचारातून उरलेला?" नारिंगी रंगावरून हा चिमटा गोव्यात कोणीही कोणालाही काढतो. भाऊंनी छातीवर बोट ठेवून दाखवलं, "नीट बघा. कमळ नाही, गवा आहे." गाडी हसली. खरं तर एफसी गोवाच्या आधीही नारिंगी रंग गोव्याच्या मैदानावर होता. स्पोर्टिंग क्लब द गोवाचा रंग तोच. पण आता कुठल्याही रंगाकडे आधी पक्ष म्हणून पाहायची सवय लागली आहे, आणि थट्टा राजकारणाच्या उंबरठ्यावर येऊन थांबते ती इथेच. त्यावर हसलं की विषय सहसा संपतो.

त्या दिवशी तो संपला नाही, कारण गाडी आमोण्याच्या पुलावर आली.

पूल, खाण आणि हिरवा शर्ट

आमोण्याला कच्च्या लोखंडाचा कारखाना आहे. खाणी जोरात होत्या तेव्हा खालच्या मांडवीतून खनिजाच्या बार्जी एकामागून एक जायच्या. काकांनी खिडकीतून खाली पाहिलं आणि स्वतःच्या शर्टाला हात लावून म्हणाले, "हा घेतला तेव्हा माझे दोन टिपर ह्याच भागात फिरत होते. दर मोसमाला वाटायचं, तिसरा घेऊ."

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी इथे थोडं सांगायला हवं. गोव्यातल्या क्लबांचे शर्ट आणि खाणी यांचं नातं जुनं आहे. साळगावकर, धेंपो, सेझा ही नावं आधी खनिजाची, मग फुटबॉलची. साळगावकर क्लब १९५६ चा. धेंपोने राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाचदा जिंकली. हे क्लब बंगालच्या बलाढ्य क्लबांसमोर उभे राहिले ते खाणीच्या पैशावर, आणि त्या पैशाने गोव्यातल्या कितीतरी मुलांना पगारी खेळाडू केलं. सत्ताही ह्या नात्यापासून दूर नव्हती. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते आणि गोव्यातली एक नावाजलेली फुटबॉल स्पर्धा, बांदोडकर गोल्ड ट्रॉफी, त्यांच्या नावाची. वार्क्याच्या लाल शर्टवाल्या चर्चिल ब्रदर्सचे चर्चिल आलेमाव १९९० मध्ये काही दिवस मुख्यमंत्री होते. तेव्हा गोव्यात शर्टावरून राजकारणावर जाणं म्हणजे विषय सोडून भरकटणं नव्हे. धागा ओढला की तो तिथेच जातो.

शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत आला. बेकायदा खाणकामामुळे सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचा अंदाज त्यात होता. त्याच महिन्यात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं ठप्प. मधल्या काळात, २०१६ मध्ये, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्याला विरोध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले. दोन्ही गोष्टींची कारणं वेगळी आहेत, त्यांची गल्लत करू नये. पण डिचोलीतल्या ट्रकवाल्याच्या आयुष्यात त्या चार वर्षांच्या अंतराने एकापाठोपाठ आल्या : आधी ट्रक दारात उभा राहिला, मग शनिवारची मॅच गेली.

काका तेच सांगत होते. "पहिल्यांदा बंद झाल्या तेव्हा आम्ही म्हटलं, सहा महिन्यांचा प्रश्न. टिपर पावसात उभे. टायर कुजले. बँकेचा माणूस यायचा, त्याला चहा द्यायचा आणि पुढची तारीख मागायची."

भाऊ म्हणाले, "तो माणूस मीच होतो, तुमच्याकडे नसेन आलो, पण दुसऱ्यांकडे गेलोय. वसुलीला आम्हालाही झोप लागायची नाही. थकलेल्या खात्यांची यादी वाचताना निम्मी आडनावं ओळखीची."

"पण बंद केल्या कोणी?" मागून कोणीतरी.

"कोर्टाने."

"कोर्टाने केल्या, पण कोर्टावर ती वेळ आणली कोणी?" काकांनीच विचारलं. आणि मग दोन्ही पक्षांची, लीजमालकांची, ट्रकवाल्यांच्या पुढाऱ्यांची नावं निघाली. आवाज चढले. ह्या सगळ्यात गाडी चालवणारा दादा, जो सहसा बोलत नाही, आरशातून मागे बघत म्हणाला :

"काका, राग मानू नका. तुमचे ट्रक चालायचे तेव्हा आमच्या शेतात लाल पाणी यायचं. पावसाळा संपला की बांधाआत गाळ. माझ्या बापाने मग नांगर धरलाच नाही."

मला वाटलं, आता भडका उडणार. एकाचं पोट ज्या धंद्यावर, त्याच धंद्याने दुसऱ्याचं शेत गेलेलं. ह्याच्याइतका सरळ संघर्ष गाडीत दुसरा नव्हता. काका क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "खरं आहे. पिसुर्ल्याची शेतं मी पाहिलीत. वरून ट्रक नेताना खाली दिसायची." मग त्यांनी विचारलं, भरपाई मिळाली का, किती वर्षांची मिळाली, गाळ कोणी काढला. दादा उत्तरं देत राहिला. खांडोळा, माशेल, बाणस्तारी मागे गेलं तरी दोघांचं चालूच होतं. शेवटपर्यंत एकमत झालं नाही. काकांना खाणी पूर्ण चालू व्हायला हव्या आहेत, दादाला नको आहेत. पण फोंड्याला गाडी थांबली तेव्हा काका स्वतः उतरून सगळ्यांसाठी मिरची भजी घेऊन आले आणि पहिला पुडा पुढे चालकाला दिला.

पाच ढाली

मास्तर चढले. पांढरा सदरा, खांद्याला पिशवी, पिशवीत लेकीने दिलेला फराळ. त्यांचं लक्ष धाकट्याच्या शर्टावर गेलं.

"बाबा, हा कोणाचा?"

"पोर्तुगालचा, सर."

"ते दिसतंय. पोर्तुगाल तुझा कोण लागतो?"

"कोणी नाही सर. खेळाडू आवडतो."

"मग त्याच्या क्लबाचा घालायचास. आज तर त्याचा क्लबच खेळतोय."

"तो घातला असता तर आपल्याच विरुद्ध झाला असता ना, सर!"

ह्यावर मास्तरही हसले. इथपर्यंत सगळं ठीक होतं, आणि माझ्या मते धाकट्याचं उत्तर त्या दिवसातलं सर्वांत हजरजबाबी होतं.

त्या शर्टाच्या छातीवर पोर्तुगीज महासंघाचं जे चिन्ह आहे त्यात क्रूसावर पाच छोट्या निळ्या ढाली असतात. ह्याच पाच ढाली पोर्तुगालच्या राजचिन्हात आहेत आणि गोव्यातल्या जुन्या किल्ल्यांवर, चर्चच्या दर्शनी भिंतींवर दगडात कोरलेल्या आजही दिसतात. धाकट्याच्या डोळ्यांना ते फुटबॉलचं चिन्ह. मास्तरांच्या डोळ्यांना ते सरकारी शिक्क्यावरचं. दोघंही बरोबर पाहत होते.

भाऊंनी मग कळंगुटच्या पुतळ्याची आठवण काढली. डिसेंबर २०२१ मध्ये कळंगुटला रोनाल्डोचा पितळी पुतळा बसवला गेला. पोरांना फुटबॉलची प्रेरणा मिळावी हा त्यामागचा सांगितलेला हेतू. गोवा मुक्तीला साठ वर्षं पूर्ण होत असतानाच पोर्तुगालच्या कर्णधाराचा पुतळा, म्हणून काळे झेंडे दाखवले गेले. मास्तर म्हणाले, "ब्रह्मानंद शंखवाळकरांचा का नाही उभारला? गोव्याचा गोलरक्षक, भारताचा कर्णधार." मुद्दा बिनतोड होता. शंखवाळकरांना अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, पण त्यांचं नाव पाठीवर छापलेला शर्ट मी कुठल्याच दुकानात पाहिलेला नाही. धाकटाही म्हणाला, "उभारा की सर. मी पहिला फोटो काढायला येतो."

आणि इथे मास्तरांचं वाक्य आलं. मी ते जसंच्या तसं लिहिते, कारण सगळं प्रकरण त्यातच आहे.

"तुमच्यासारख्यांना कसली फिकीर? तुमचे डोळे लिस्बनकडे. तुझा भाऊ गेलाच आहे, आता तूही पासपोर्टाच्या रांगेत असशील."

बोरीचा पूल आला होता. कोणी हसलं नाही. धाकट्याने उत्तर दिलं नाही, कानात इअरफोन घातले. स्टेडियमवर तो आमच्याजवळ बसला नाही. सामना अल नस्रने २-१ ने जिंकला. दोन गोलांनी मागे पडूनही ब्रायसन फर्नांडिसने मध्यंतराआधी एक गोल परत केला, तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं, आमच्या रांगेत मात्र मनापासून ओरडणारे दोघेचौघेच होते. धाकटा मित्राच्या मोटारसायकलवरून घरी गेला.

मला काय दिसतं

धाकट्याचा थोरला भाऊ इंग्लंडमध्ये स्विंडनला गोदामात काम करतो. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज कायद्याने जन्मनोंद करून नागरिकत्व घेता येतं, आणि ब्रिटन युरोपीय संघात होतं तोवर त्या पासपोर्टवर तिथे राहून काम करता येत होतं. ख्रिश्चन कुटुंबंच जातात असं समजू नये. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी उशिरा जिंकलेल्या भागातल्या, हिंदू घरांतूनही मुलं गेली आहेत. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, हे त्यांना माहीत असतं. ते सोपं वाटून कोणी जात नाही. त्या घराची कौलं बदलून स्लॅब पडला तो ह्या भावाच्या पैशाने, आणि आईच्या औषधांचा खर्चही तोच करतो. मास्तरांना हे सगळं ठाऊक होतं; गावात सगळ्यांनाच असतं.

आता दोन गप्पा शेजारी ठेवून पाहा. खाणबंदी हा आजचा, जिवंत, खिशाला भिडणारा प्रश्न. ज्यांचं एकमेकांमुळे नुकसान झालं अशी माणसं समोरासमोर होती. पोर्तुगीज राजवट १९६१ च्या १९ डिसेंबरला संपली. मास्तर सोडले तर गाडीतल्या कोणीही ती अनुभवलेली नाही. हिशोबाने पाहता पहिल्यात तुटायला हवं होतं आणि दुसऱ्यात नाही. झालं उलटं. पहिल्या गप्पांत प्रत्येकजण आपलं बोलत होता : माझा टिपर, माझ्या बापाचा नांगर, मी वसुलीला गेलो. अशा बोलण्याला उत्तर देता येतं, प्रश्न विचारता येतो, ते मान्य करूनही आपलं मत ठेवता येतं. दुसऱ्या गप्पांत शर्टावरून बोट उचललं गेलं आणि तो घालणाऱ्यावर रोखलं गेलं. 'तुमच्यासारख्यांना' ह्याला उत्तर नसतं. त्याला एकतर स्वतःची कैफियत द्यावी लागते किंवा गप्प बसावं लागतं. पंचविशीच्या मुलाने वडीलधाऱ्यांच्या गाडीत कैफियत का द्यावी?

मास्तरांवर सगळं ढकलून मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. भाऊबिजेनंतर मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते गाडीत कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या वडिलांना स्वातंत्र्याच्या चळवळीतली पत्रकं बाळगल्याबद्दल पकडून आग्वादच्या तुरुंगात ठेवलं होतं. मास्तर तेव्हा शाळेतही जात नव्हते. घराची झडती झाली, तांदळाची कणगी उलटी केली, हे त्यांना आईने सांगितलेलं नाही, स्वतःला आठवतं. शिपायाच्या टोपीवरचं चिन्ह आठवतं. मी विचारलं, हे गाडीत का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "थट्टा चालली होती. त्यात बापाला कशाला आणायचं?"

हे उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. थट्टेच्या मैफलीत आपलं खरं दुःख काढायला संकोच होतो, म्हणून माणूस त्याच्या जागी तयार शब्द काढतो : लिस्बनकडे डोळे, रांगेतले, उपरे, भाडोत्री. ते शब्द सभांतून, भिंतींवरून, बातम्यांतून आयते मिळतात. काकांनी टायर कुजल्याचं सांगितलं तसं मास्तरांनी कणगी उलटल्याचं सांगितलं असतं, तर मला खात्री आहे की धाकट्याने तो शर्ट घातलेलाच ठेवून, कान देऊन ऐकलं असतं.

हे फक्त गोव्याचं नाही. ब्राझीलचा पिवळा शर्ट म्हापशापासून काणकोणपर्यंत दर विश्वचषकाला घराघरावर लटकतो. तो शर्टच मुळात एका पराभवातून आला : १९५० च्या विश्वचषकात माराकानावर पांढऱ्या शर्टात उरुग्वेकडून हरल्यावर नवा पोशाख ठरवण्यासाठी स्पर्धा झाली आणि आल्दिर शली या तरुणाचं पिवळ्या-हिरव्याचं चित्र निवडलं गेलं. सगळ्या देशाचा असलेला हा शर्ट २०१८ नंतर बोल्सोनारो यांच्या समर्थकांच्या मोर्च्यांत इतका दिसू लागला की विरोधी मताच्या कित्येकांनी तो कपाटात ठेवून दिला. तिथेही शर्टावरून भांडण झालं नाही. शर्ट पाहून माणूस कोणाचा ते ठरवण्यावरून झालं. खेळाच्या नियमांनी मैदानावरच्या खेळाडूला राजकीय घोषणा असलेला पोशाख घालायला बंदी आहे. प्रेक्षकाच्या छातीवर काय आहे ते मात्र समोरचाच वाचतो, आपल्या मनाने.

पुढे काय झालं

समेट घडवण्याचं काम काकांनी केलं, आणि ते त्यांच्या पद्धतीने. डिचोलीच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात दोघांना भाजीपाव खायला बोलावलं, दुसरा येणार आहे हे कोणालाच न सांगता. मी होते. काकांनी माफीचा विषय काढला नाही. मास्तरांना म्हणाले, "आग्वादचं सांगा." मास्तरांनी सांगितलं. मग धाकट्याला म्हणाले, "आता तू भावाचं सांग, तो गेला ती रात्र." त्याने सांगितलं, थोडक्यात, बशीकडे बघत. मास्तर एवढंच म्हणाले, "घर बांधलं ते बरं केलं." माफी मागितली नाही. धाकट्यानेही तशी अपेक्षा दाखवली नाही. तो पुन्हा गाडीत यायला लागला, एवढं झालं.

सुपर कप ही क्लबांची स्पर्धा त्या वेळी गोव्यातच होती. गटासाठी एकसारखे शर्ट छापायचे ठरले आणि नवा वाद उभा राहिला. पाठीवर गावाचं नाव मराठीत लिहितो तसं डिचोली हवं की कोंकणीतलं दिवचल, देवनागरीत हवं की रोमीत, म्हणजे रोमन लिपीत? मास्तर देवनागरीतल्या डिचोलीवर अडून बसले. भाऊंचं म्हणणं, सासष्टीत, म्हणजे फातोर्ड्याच्या तालुक्यात, बसून खेळ बघायचा तर शेजाऱ्याला वाचता आलं पाहिजे. बोलता बोलता १९८७ चा राजभाषा कायदा निघाला, ज्यात देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीला सरकारी वापराची मुभा मिळाली. मग १९६७ चा जनमत कौल. १,७२,१९१ मतं वेगळ्या अस्तित्वाच्या बाजूने, १,३८,१७० महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने, आणि आमच्या भागाचा कल विलीनीकरणाकडे होता हे सगळ्यांना माहीत आहे. त्या मतदानात फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं अस्तित्व. ह्या वेळी मात्र काकांनी दर वाक्यानंतर एकच प्रश्न विचारायचा धडाका लावला : "तुमच्या घरी कोणी फुलावर शिक्का मारला होता, कोणी दोन पानांवर, ते सांगा." आणि घराघरातल्या गोष्टी बाहेर आल्या. एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोन भावांची मतं दोन पेट्यांत पडल्याची गोष्ट भाऊंनी सांगितली. दोन तास वाद झाला, निकाल लागला नाही, कोणी उठून गेलं नाही.

ह्याच सुमारास, डिसेंबरमधल्या जिल्हा पंचायत निवडणुकीसाठी इच्छुक असलेल्या एकाने शर्टांचा सगळा खर्च करायची तयारी दाखवली. अट एकच, छातीवर त्याचं नाव. गोव्यात हे रोजचं आहे. गावच्या स्पर्धेचे चषक, गोलच्या जाळ्या, अकरा जणांचे शर्ट, सगळ्यावर कोणाचं ना कोणाचं नाव असतं, आणि पैसे नसलेल्या क्लबाला नाही म्हणणं सोपं नसतं. काका घ्यायच्या बाजूने होते : "कापड आपलं, घाम आपला, नाव दोन धुण्यांत जाईल." मास्तर आणि धाकटा, दोघेही विरुद्ध. मास्तरांचं म्हणणं, पक्ष चुकीचा. धाकट्याचं म्हणणं, कुठलाच पक्ष नको. हात वर करून मत घेतलं, देणगी नाकारली गेली. मला हा निर्णय मनापासून पटला. रंगावरून पक्ष ओळखणं हा चिमटा असतो, पण छातीवर पैसे घेऊन नाव मिरवलं की त्या शर्टाची थट्टा करायची सोय उरत नाही.

शर्ट शेवटी स्वखर्चाने छापले. पुढून सारखे नारिंगी, पाठीवर ज्याचं त्याने ठरवायचं. काकांनी विकलेल्या टिपरचा नंबर घातला. धाकट्याने ७ च ठेवला, नाव काढलं. मास्तरांनी घेतला नाही. सगळ्यांच्या पाठीवर देवनागरी डिचोली नसेल तर नको, म्हणाले. ते सदऱ्यातच येतात.

७ डिसेंबरला फातोर्ड्याला सुपर कपच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाने ईस्ट बंगालला पेनल्टींवर हरवलं. परतताना विषय होता इंडियन सुपर लीगचा. नवा हंगाम तेव्हाही सुरू झालेला नव्हता, काही क्लबांनी ऑगस्टमध्येच खेळाडूंचे पगार थांबवले होते, आणि महासंघ, कोर्ट, केंद्र सरकार यांपैकी दोष कोणाचा यावर गाडीत चार मतं होती. मास्तर महासंघावर तुटून पडले. धाकट्याने त्यांना मध्येच तोडून विचारलं, "सर, आमच्या कंपनीत पगार थकला तर आम्ही पाळीवर जात नाही. खेळाडूंनी काय करायचं?" मास्तरांनी बाणस्तारीपर्यंत उत्तर दिलं. ते धाकट्याला पटलं नाही, आणि आमोण्याच्या पुलावर तो ते त्यांना सांगत होता.